कारवानाचं कुत्रं

"तहकीकातीअंती असे साबीत झाले आहे की, कारवानी नस्लीचे कुत्रे स्वभावतः रक्तपिपासू असून रयतेच्या जिवास त्यांपासून कायमचा धोका आहे. सबब या नस्लीचा प्रत्येक कुत्रा, पाळीव असो वा मोकाट, ठार करण्यात यावा. जो इसम असा कुत्रा लपवील तो कैदेस पात्र राहील." माहे बहमन, सन १३४६ फसली.

हुकुमाची भाषा डौलदार होती, यात वाद नाही. वाद बाकी सगळ्यात होता. 'तहकीकात' म्हणजे ताडकळसच्या आमराईतली एक दुपार. जिल्ह्याच्या साहेबांच्या दौऱ्याचे तंबू त्याच आमराईत पडले होते, खुर्च्या तंबूंसमोरच मांडल्या होत्या आणि चौकशी कशाची करायची ते साहेबांनीच ठरवले होते. 'साबीत झाले' म्हणजे हाताला फडके गुंडाळलेल्या एका बाईने चार वाक्ये उच्चारली. 'स्वभावतः' हा शब्द त्या दुपारी कोणाच्याच तोंडी आला नव्हता. तो हुकूमनाम्यात स्वतःच्या पायांनी चालत येऊन बसला असावा. 'रयत' म्हणून ज्यांचा जीव वाचवायचा होता ती माणसे तर पिढ्यान्‌पिढ्या याच कुत्र्यांच्या अंगाला अंग लावून झोपत आली होती. लांबट तोंडाची, पोट खपाटीला गेलेली, लोंबत्या कानांची ही कुत्री धनगरांच्या आणि लमाणांच्या मागे सगळा मुलूख फिरत. ससा धरत, लांडगा हाकलत, आणि अनोळखी माणूस जवळ आला की मान वळवून दुसरीकडे बघत. असे कुत्रे माणसाला चावल्याची एकही फिर्याद कचेरीच्या दफ्तरात नव्हती. पण ज्याला निकाल आधीच ठाऊक असतो तो दफ्तराला कशाला त्रास देईल?

हे सगळे विष्णुपंतांना कळत होते. हुकूम मूळ उर्दूत होता. वर दिलेले त्याचे मराठी रूप त्यांच्याच लेखणीतून उतरले होते.

विष्णुपंत परभणीच्या कचेरीचे मुतर्जिम होते. रयतेचे मराठी साहेबांसाठी उर्दूत न्यायचे आणि साहेबांचे उर्दू रयतेसाठी मराठीत आणायचे, हे त्यांचे काम. संस्कृत घरातले, फारसी कमावलेली. हैदराबादेहून आलेला अंमलदार त्यांचे बोलणे ऐकून "पंडितजी, आप कहाँ के हैं?" असे विचारी, आणि "यहीं का हूँ, हुजूर, इसी मिट्टी का" असे उत्तर देताना पंतांच्या स्वरात जो विनय असे, त्याच्या तळाशी भरपूर गर्व साठलेला असे. आपण दोन भाषांमधला पूल आहोत, असे ते म्हणत. पुलावरून कोण जाते आणि खाली कोण बुडते, हे पाहण्याचे काम पुलाचे नसते, हे मात्र ते बोलून दाखवीत नसत.

ज्या शब्दापायी हे सगळे घडले तो शब्द असा. ताडकळसकडच्या गावांत साहेबाचा दौरा आला, राहुट्या ठोकल्या गेल्या, बैलगाड्या, घोडी, खानसामे उतरले, की लोक म्हणत, "कारवान आलं." कारवान आले की गावाने त्याला रसद पुरवायची: दूध, कोंबड्या, भाजी, कडबा. बायनाबाई माळीण आपल्या मळ्यातली भाजी अशीच पोचवायला गेली होती. साहेबांचा एक विलायती कुत्रा होता, बुटका, रुंद जबड्याचा. तो राहुटीमागे मोकळा होता. त्याने बाईचा उजवा हात कोपराखाली धरला, आणि खानसाम्याने कुत्र्याच्या तोंडावर गरम पाणी फेकले तेव्हाच सोडला.

त्याच दिवशी दुपारी तिचा जबाब झाला. साहेबांना मराठी येत नव्हते. बायनाबाई खाली बसून बोलली, आणि जे बोलली ते पंतांनी स्वच्छ ऐकले.

"मागल्या अंगाला गेल्ते भाजी टाकायला. कारवानाचं कुत्रं आलं न् हाताला धरलं. बुटकं व्हतं, त्वांड रेड्यावानी. सोडंचना."

पंत साहेबांकडे वळले आणि अदबीने म्हणाले, "कहती है, कारवानी कुत्ते ने हाथ पकड़ लिया."

बुटकेपणा आणि रेडा हे दोन्ही वाटेत गळाले. संक्षेप हा भाषांतराचा गुण मानला जातो.

आता, विद्वानांपुढे हे भाषांतर ठेवले तर त्यांना बोट ठेवायला जागा मिळणार नाही. फारसीत नामाला 'ई' जोडली की 'त्याचा, त्या संबंधीचा' असा अर्थ होतो. शहराचा तो शहरी, दर्याचा तो दर्याई, कारवानाचा तो कारवानी. नियम निर्दोष आहे. धनगरांच्या कुत्र्यांनाही सारा मुलूख 'कारवानी'च म्हणतो, हा केवळ योगायोग; त्याची जबाबदारी व्याकरणावर कशी येईल? पुढचे सगळे दिवस विष्णुपंत त्या एका 'ई'च्या आडोशाला बसून राहिले.

आडोसा पहिल्यांदा उडाला तो ताडकळसच्या बाजारात.

हुकूम खास होता, म्हणून नुसत्या दवंडीवर न भागवता मुतर्जिमाने स्वतः जाऊन तो मराठीत वाचून दाखवावा, असे ठरले होते. बाजार ऐन भरात होता. डफ वाजला, माणसे गोळा झाली. पंत एका गाडीवर उभे राहिले आणि त्यांनी आपल्या घोटीव आवाजात वाचायला सुरुवात केली. मेथीच्या जुड्या मांडून बसलेली बायनाबाई डाव्या हाताने गिऱ्हाइकाला जुडी देत होती. 'कारवानी नस्लीचे कुत्रे' हे शब्द आले तशी तिने जुडी परत टोपलीत टाकली आणि उठून पुढे आली.

"थांबा वो पंत. ह्ये कारवानी कुनी म्हनलं?"

"बाई, तुझ्याच जबाबावरून निघालाय हा हुकूम."

"माज्या? मी कारवानाचं म्हनले. कारवानी कवा म्हनले? सटवाजी धनगराचं कुत्रं दुपारचं माज्या मळ्यात निजतंय. त्ये मला चावंल व्हय?"

"दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे," पंत म्हणाले. "फारसीचा नियम असा आहे की..."

"मला कुत्रं चावलं त्ये फारशीच्या नियमानं चावलं का?"

लोक हसले. मागून कोणीतरी म्हणाले, "पंतांच्या कानात मळ साचलाय जनू." त्यावर दुसऱ्याने सुनावले, "मळ न्हाई रं. कान फारशी हायती त्येंचे, मराठी आत शिरंना."

पंतांनाही हसू आल्यासारखे करावे लागले. पण हसण्याचा तो आवाज फार वेळ टिकला नाही, कारण गर्दीच्या कडेला सटवाजी धनगर उभा होता, खांद्यावर घोंगडे, हातात दोरी, आणि दोरीला भुऱ्या. बाजाराला येताना कुत्रा सोबत आणायचा, ही त्याची नेहमीची रीत. हुकूम ऐकायला तो कुत्र्यासकट आला होता, कारण हुकूम कुत्र्याविषयी आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

सोबतच्या पोलिसाने दोरीला हात घातला.

सटवाजीने दोरी लगेच सोडली नाही. तो पोलिसाशी बोललाच नाही, गाडीवरच्या पंतांकडे बघून म्हणाला, "पंत, बाई काय म्हनली त्ये ऐकलं ना तुमी? मंग त्येवढं सांगा ह्येंला. येक डाव सांगा. तुमचं ऐकत्यात ह्ये."

अख्खा बाजार पंतांकडे बघत होता. एका वाक्याचे काम होते. पंतांनी हुकुमाची घडी घातली, ती उलटी पडली म्हणून उलगडून पुन्हा घातली, आणि म्हणाले, "हुकूम सरकारचा आहे, सटवाजी. मी वाचणारा."

सटवाजीने दोरी सोडली. स्वभावतः रक्तपिपासू असलेला तो प्राणी पोलिसाच्या मागे निमूट चालत वेशीबाहेर गेला. बार झाला तेव्हा पंत गाडीवरून उतरत होते. त्यांचा पाय चुकला, आणि त्यांना सावरायला जो हात पुढे आला तो बायनाबाईचा होता, डावा. त्यांनी तो धरला नाही. गाडीच्या चाकाला धरून खाली उतरले.

परभणीला परतल्यावर पंत आपल्या ग्रंथांकडे वळले, जसा दुसरा एखादा माणूस बाटलीकडे वळला असता. शिकारीवरच्या जुन्या फारसी हस्तलिखितांत या कुत्र्यांचे वर्णन होते. हुकूम निघण्यापूर्वी साहेबांनी आधार मागितला, तेव्हा याच पानांतून पंतांनी त्यांना उतारा काढून दिला होता: 'झडप अशी, की शिकारीला दुसरा श्वास घेता येत नाही.' त्याच पानावर खालच्या ओळीत लिहिले होते की, हा कुत्रा धन्याच्या तान्ह्या मुलाला पाळण्याशी राखतो. ती ओळ साहेबांनी मागितली नव्हती. पंतांनी आता ती वाचली आणि पान उलटले, मग पान उलटल्याचीच त्यांना लाज वाटली, म्हणून पुन्हा मागे आले. वाचनाचा असा उपयोग होतो हे त्यांना कोणत्याही गुरूने सांगितले नव्हते.

घरात पार्वतीबाई, त्यांच्या पत्नी, एकदा जेवायला वाढत होत्या. वाढता वाढता त्या सहज म्हणाल्या, "कारवान उठलं म्हणे ताडकळसचं. आता तरी दूध मिळंल बाजारात."

पंतांचा घास हातातच राहिला.

"असे शब्द कुठं ऐकता तुम्ही?"

"ऐकायचं काय त्यात? माझ्या माहेरी सगळे म्हणतात. साहेबाचे तंबू आले की कारवान आलं." त्यांनी भाजीचे पातेले जवळ ओढले. "ती माळीण नेमकं काय म्हणाली होती हो?"

"त्यातलं व्याकरण तुम्हाला कळायचं नाही."

"व्याकरण कशाला? मी ती काय म्हणाली ते विचारलं."

भाजी मेथीची होती. पंतांनी पान तसेच सोडले आणि हात धुवायला उठले. हात मात्र बराच वेळ धूत राहिले.

सटवाजीकडे भुऱ्याची जोडीण होती, हरणी नावाची. तिला त्याने कडब्याच्या गंजीत पोकळी करून लपवले. भुऱ्या गेल्यापासून लांडग्यांना वाट मोकळी झाली होती. मेंढवाड्यातली कोकरे उचलली जात होती. हरणी गेली असती तर मेंढरे विकून सटवाजीला दुसऱ्याच्या बांधावर राबायला जावे लागले असते. म्हणून त्याने कैदेची जोखीम पत्करली. कोणीतरी चुगली केली, गंज उपसली गेली, आणि सटवाजी मुलजिम, म्हणजे आरोपी, व हरणी मुद्देमाल म्हणून परभणीच्या न्यायाधीशांसमोर, मुन्सिफांसमोर हजर करण्यात आले. निकाल लागेपर्यंत मुद्देमाल जिवंत ठेवायचा असतो, एवढ्याच कायद्याच्या कृपेने ती कचेरीच्या ओट्याला बांधलेली होती.

सटवाजीच्या बाजूने साक्ष द्यायला बायनाबाई चालत आली. तिने शपथेवर सांगितले की, आपण त्या दिवशी 'कारवानाचं' म्हणजे साहेबाच्या तळावरचं कुत्रं म्हणालो होतो, धनगराचं नव्हे. त्यामुळे प्रकरण अडले. मुन्सिफ औरंगाबादकडचे, त्यांना मराठी समजत असे. ते म्हणाले, हुकूम बरा की वाईट हे ठरवणे माझे काम नाही, पण हुकूम ज्या जबाबावर उभा आहे तो जबाबच तसा नसेल तर या माणसाला कैद कशाबद्दल देऊ? मुतर्जिमाला बोलवा.

ओट्यावर पेशकार बन्सीधर यांनी पंतांना गाठले. बन्सीधर मुन्सिफांच्या बाजूला बसून जबाब लिहून घेत; माणूस मनमिळाऊ, कोणाचेही वाईट न चिंतणारा, आणि म्हणूनच फार धोक्याचा.

"पंत, एवढा चेहरा कशाला? 'तर्जुमा दुरुस्त आहे', भाषांतर बरोबर आहे, इतकंच म्हणा. खोटं थोडंच आहे? तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला, कारवानाचा तो कारवानी."

"आणि बायनाबाई?"

"बाईमाणूस. घाबरली, बोलणं फिरवलं. शपथेवर जबाब बदलला म्हणून तिच्यावर उलटेल थोडं. काय करणार?"

"आणि सटवाजी?"

"पंत," बन्सीधर हळूच हसले, "साहेबांचं कुत्रं होतं असं तुमच्या तोंडून निघालं, तर उद्या या कचेरीत तुम्ही कुठं बसाल, याचा विचार कोण करणार? सटवाजी?"

त्यांच्या पायाशी हरणी पडली होती. तिने पंतांकडे एकदा पाहिले आणि मान वळवून दुसरीकडे बघितले. जातीचा स्वभाव.

आत सटवाजी हात जोडून उभा होता. पंत दिसताच म्हणाला, "पंत, तिला पानी दाखवलं का वो कुनी?" याखेरीज त्याने पंतांकडे काही मागितले नाही. बाजारात एकदा मागून झाले होते.

मुन्सिफांनी विचारले, "मुतर्जिम साहब, तर्जुमा दुरुस्त है?"

"लफ्ज की हद तक दुरुस्त है, जनाब," पंत म्हणाले. शब्दापुरते बरोबर आहे. वाक्य तयारच होते. कित्येक दिवस घासूनपुसून ठेवलेले. ते ओठांतून इतके सफाईने बाहेर पडले की पंतांना त्याची किळस आली.

मुन्सिफांनी मान डोलावली. कारवानापासून कारवानी, हे त्यांनाही मान्य होते. बन्सीधरांनी लेखणी शाईत बुडवली. मग मुन्सिफांनी समोरचा हुकूम पुन्हा एकदा वाचला आणि बोट 'जात' या अर्थाच्या एका शब्दावर ठेवले.

"कारवानी ठीक है. मगर यहाँ 'नस्ल' लिखा है. नस्ल किसने कहा? बाई ने?"

"मला नस्ल म्हंजी काय त्येच ठावं न्हाई, सायेब," बायनाबाई मागून म्हणाली. "आज पयल्यांदा ऐकायलेय."

"तू चूप बैस," शिपायाने तिला दटावले.

"चूपच हाय की. माजं बोलनं करायला ह्ये हायतीच."

पंतांनी वळून पाहिले. तिने उजव्या हाताने पदर धरायचा प्रयत्न केला होता. दोन बोटे वळत नव्हती, म्हणून पदर पुन्हापुन्हा निसटत होता. त्या हाताकडे ते बाजारात पाहू शकले नव्हते. आताही डोळे सरकू लागले होते. 'ई' प्रत्ययाने 'कारवानी' होतो. कोणत्याही प्रत्ययाने 'नस्ल' होत नाही. इतक्या भाषा शिकलेल्या माणसाजवळ त्या प्रश्नाला एकच उत्तर उरले होते, 'बाईने नव्हे', आणि ते द्यायला कोणतीच भाषा लागत नव्हती.

"बन्सीधरजी," पंत म्हणाले, "हा जबाब साक्षीदाराचा म्हणून लिहू नका. मुलजिमाचा म्हणून लिहा."

बन्सीधरांची लेखणी थबकली. "मुलजिम सटवाजी आहे, पंत."

"मुलजिम विष्णुपंत लिहा. आणि उर्दू करू नका. मराठीत बोलतो, मराठीतच लिहा, म्हणजे बाईला वाचून दाखवता येईल."

बन्सीधरांनी मुन्सिफांकडे पाहिले. मुन्सिफांनी हाताने खूण केली: लिहा. तो जबाब, जसा बोलला गेला तसा, असा आहे:

"बायनाबाई 'कारवानाचं कुत्रं' असं म्हणाली. तिचा अर्थ मला त्याच क्षणी कळला. मी 'कारवानी' हा शब्द शोधून वापरला, कारण तो खोटा ठरवता येणार नाही हे मला माहीत होतं. मग साहेबांनी विचारलं, 'कारवानी, म्हणजे ती धनगरांची नस्ल?' ते विचारत होते तेव्हा त्यांचं कुत्रं राहुटीमागं साखळीला बांधलेलं मला दिसत होतं, आणि मी पाहतोय हे साहेबांनाही दिसत होतं. मी म्हणालो, 'हुजूर बजा फर्माते हैं,' म्हणजे हुजूर म्हणतात ते बरोबर. मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी काही देऊ केलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर साहेबांनी मला काही केलं असतं असंही मी शपथेवर सांगू शकत नाही. साहेब हसले आणि म्हणाले, असं उर्दू हैदराबादेतही ऐकायला मिळत नाही. बाई तिथंच खाली बसली होती, फडक्यातून रक्त येत होतं. मला फार बरं वाटलं."